दोन ड्राईव्ह, दोन सिस्टीम, तरी बूट होईना? आधी किल्ली कुठल्या ड्राईव्हमधे आहे ते शोधा

"अहो, दोन ड्राईव्ह वेगळे आहेत की, मग एक काढल्यावर दुसरं का बंद पडलं?" हा प्रश्न सांगली-मिरजेतनं इतक्या वेळा आलाय की आता समोरच्याचं वाक्य पूर्ण व्हायच्या आधीच मी विचारतो, दुसरी सिस्टीम टाकताना पहिल्या ड्राईव्हची केबल काढली होती का? उत्तर ठरलेलं, नाही. सगळा घोळ तिथंच असतो.

ड्राईव्ह दोन असले म्हणजे बूट पण दोन झाले असं नसतं. मशीन चालू झालं की बायोस, म्हणजे मशीन सुरू करणारा बोर्डातला प्रोग्राम, आधी ड्राईव्हमधला एक छोटा कप्पा, पार्टिशन, शोधतो, ईएफआय पार्टिशन म्हणतात त्याला, १०० ते ५०० एमबीचं, फॅट३२ मधलं, आणि सिस्टीम सुरू करायची फाईल त्यात असते. मी त्याला सरळ किल्ली म्हणतो. इन्स्टॉलर आळशी असतो, मशीनमधे असं पार्टिशन आधीच दिसलं की त्यातच आपली फाईल टाकून मोकळा होतो. विंडोज हे करतं, आणि उबुंटू या लिनक्सचा जुना इन्स्टॉलर तर खाली तुम्ही दुसरा ड्राईव्ह निवडला तरी ग्रब, म्हणजे लिनक्स सुरू करणारा छोटा प्रोग्राम, पहिल्याच ड्राईव्हवर टाकायचा. म्हणजे घरं दोन, पण दोन्ही किल्ल्या एकाच घरात टांगलेल्या.

मार्केट यार्डात हळदीच्या एका अडत दुकानात हेच झालं. विंडोज नव्या एसएसडीवर, बिलं-खतावणी सगळी तिथंच. जुनी ५०० जीबीची हार्डडिस्क नुसती आत पडून होती, आवाज करायला लागली म्हणून भाच्यानं काढून टाकली. सकाळी दिवाणजींनी मशीन चालू केलं तर काळ्या स्क्रीनवर एक ओळ, बूट करायला डिव्हाईस नाही. एसएसडी ठणठणीत, डेटा जागेवर, फक्त किल्ली त्या काढलेल्या हार्डडिस्कमधे. आणि भाचा फॉरमॅट मारायच्या तयारीत पेनड्राईव्ह घेऊन बसलेला! हार्डडिस्क परत जोडली, दोन मिनिटात चालू.

म्हणून हा लेख क्रमानं करा. मधली पायरी गाळून थेट दुरुस्तीवर उडी मारली की चांगली चाललेली सिस्टीम पण जाते. कमांडा मी फोनवर सांगतो तशाच लिहिल्यात, टाईप करताना इंग्रजीतच करायच्या आणि जिथं स्पेस म्हटलंय तिथं स्पेस द्यायची.

## टप्पा ० : हात लावायच्या आधीची तयारी

१. बिटलॉकरची (ड्राईव्ह कुलूपबंद करणारी विंडोजची सोय) रिकव्हरी की. हे पहिलं, बाकी सगळं नंतर. तुम्ही कधी बिटलॉकर चालू केलं नसलं तरी ते चालू असू शकतं, विंडोज ११ ची २४एच२ आवृत्ती नव्यानं टाकून मायक्रोसॉफ्ट अकाऊंटनं लॉगिन केलं की बऱ्याच मशीनवर एन्क्रिप्शन आपोआप चालू होतं. मग बायोसमधे सिक्युअर बूट (खात्री नसलेली फाईल सुरू होऊ न देणारी सोय) बदललं किंवा बूटचा क्रम हलवला की निळी स्क्रीन येते आणि ४८ आकडी की मागते. ती की मायक्रोसॉफ्ट अकाऊंटच्या वेबसाईटवर डिव्हाईसच्या यादीत मिळते. कागदावर लिहून घ्या. त्याच मशीनच्या डेस्कटॉपवर फाईलमधे ठेवू नका, हसू नका, लोकं ठेवतात.

२. विंडोज चालू होत असेल तर बिटलॉकर सस्पेंड करा. सस्पेंड, बंद नाही. पूर्ण बंद केलं तर अख्खा ड्राईव्ह डिक्रिप्ट व्हायला तासन् तास जातात.

३. महत्त्वाच्या फाईलींची कॉपी तिसऱ्याच ठिकाणी, या दोन्ही ड्राईव्हच्या बाहेर.

४. दोन पेनड्राईव्ह: एक विंडोज इन्स्टॉलेशनचा, ८ जीबी किंवा मोठा, आणि एक लिनक्सचा लाईव्ह, म्हणजे पेनड्राईव्हवरनंच चालणारा, तुमच्या मशीनवर जे लिनक्स आहे त्याचाच. हे दोन्ही मशीन चालू असताना करून ठेवायचे, बंद पडल्यावर शेजाऱ्याचा लॅपटॉप मागत फिरायला लागतं.

५. बायोसच्या सगळ्या बूट पानांचे मोबाईलवर फोटो. दहा सेकंदांचं काम आहे, आणि नंतर "आधी काय होतं" याचं उत्तर फक्त त्याच फोटोत असतं.

६. विंडोजमधे फास्ट स्टार्टअप बंद करा. हे चालू असलं की शटडाऊन केलं तरी विंडोज अर्धवट झोपलेलं असतं आणि त्याची पार्टिशनं लिनक्सला लिहायला मिळत नाहीत. अॅडमिन कमांड प्रॉम्प्टमधे पॉवरसीएफजी, स्पेस, स्लॅश एच, स्पेस, ऑफ. बायोसमधलं फास्ट बूट ही वेगळी गोष्ट आहे, दोघांची गल्लत करू नका, पण दुरुस्ती होईस्तोवर ते पण बंदच ठेवा म्हणजे बूट मेनूची की दाबायला वेळ मिळतो.

सावधान: यूपीएस नसेल तर वळवाच्या पावसात, ढग आलेले असताना पार्टिशन हलवायला बसू नका. पार्टिशन हलत असताना लाईट गेली तर त्यातला डेटा गेला समजा. लॅपटॉप असेल तर चार्जर लावूनच.

## टप्पा १ : मशीन नक्की काय म्हणतंय ते वाचा

"चालू होईना" एवढ्यावर काही कळत नाही. स्क्रीनवर काय आलं ते शब्दशः बघा, फोटो काढा.

बूट करायला डिव्हाईस नाही असं आलं तर बायोसला किल्लीच सापडत नाहीय. ड्राईव्ह काढला, बूटचा क्रम बदलला, किंवा बायोस अपडेटमधे बूटच्या यादीतली एन्ट्री पुसली गेली, यातलं काहीतरी एक.

ग्रब रेस्क्यू लिहून कर्सर लुकलुकत असेल तर ग्रबचा पहिला तुकडा सापडला पण त्याचं बाकीचं सामान जिथं आहे ते पार्टिशन सापडेना. लिनक्सचा ड्राईव्ह काढलाय किंवा विंडोजमधनं लिनक्सचं पार्टिशन कुणीतरी उडवलंय.

थेट विंडोज चालू होतं आणि लिनक्सचं विचारतच नाही, हे सगळ्यात सोपं प्रकरण. एखाद्या मोठ्या अपडेटनंतर विंडोज स्वतःला रांगेत पहिलं नेऊन बसवतं. लिनक्स जागेवरच असतं. काही रीइन्स्टॉल करायची गरज नाही, टप्पा ५ ला जा.

ग्रबचा मेनू येतो पण त्यात विंडोज नाही, यात पण विंडोज गेलेलं नसतं, टप्पा ८.

एसबीएटी असं काहीतरी लिहून मशीन आपोआप बंद होत असेल तर थेट टप्पा ७.

आणि बायोसमधेच ड्राईव्ह दिसत नसेल तर हा सॉफ्टवेअरचा विषयच नाही. केबल बघा, पॉवर बघा. एक गोष्ट हमखास सुटते: बऱ्याच मदरबोर्डवर एम.२ स्लॉटमधे (बोर्डावरच एसएसडी बसवायची खाच) एसएसडी बसवली की साटाचं, म्हणजे केबलनं जोडायच्या ड्राईव्हचं, एखादं पोर्ट आपोआप बंद होतं. कुठलं ते बोर्डाच्या मॅन्युअलमधे असतं. नवी एनव्हीएमई (एम.२ मधे बसणारी वेगवान एसएसडी) बसवली आणि जुनी हार्डडिस्क गायब झाली म्हणून ती मेली असं समजणारे मी बघितलेत, केबल शेजारच्या पोर्टला लावली की जिवंत.

## टप्पा २ : किल्ली कुठं आहे ते शोधा

विंडोज चालू होत असेल तर डिस्क मॅनेजमेंट उघडा. खाली डिस्क ०, डिस्क १ अशा पट्ट्या दिसतात. ईएफआय सिस्टीम पार्टिशन असं कुठल्या पट्टीत लिहिलंय ते बघा. विंडोजच्या पट्टीत ते नसेलच तर निकाल लागला, विंडोजची किल्ली दुसऱ्या ड्राईव्हवर आहे. दोन्ही पट्ट्यांत असेल तर खूश होऊ नका, पार्टिशन आहे म्हणजे त्यात फाईल आहेच असं नाही. त्याचा निकाल टप्पा ४ मधे.

लिनक्स चालू होत असेल तर टर्मिनलमधे फाइंडएमएनटी, स्पेस, स्लॅश बूट स्लॅश ईएफआय. लिनक्सची किल्ली कुठल्या पार्टिशनवर आहे ते येतं. मग एलएसबीएलके, स्पेस, डॅश ओ, स्पेस, आणि नेम, साईझ, मॉडेल, सिरीयल हे चार शब्द कॅपिटलमधे, मधे फक्त कॉमा देऊन. आता कुठलं पार्टिशन कुठल्या ड्राईव्हवर आहे ते मॉडेलच्या नावासकट दिसतं.

नेहमीची चूक: एसडीए म्हणजे विंडोज, एसडीबी म्हणजे लिनक्स असं डोक्यात ठेवणं. ही नावं दर बूटला अदलाबदल होऊ शकतात, पेनड्राईव्ह लावला तरी बदलतात. विंडोजमधला डिस्क ० पण पेनड्राईव्हवरनं बूट केल्यावर डिस्क १ होऊ शकतो. ड्राईव्ह ओळखायचा तो साईझ, मॉडेल आणि सिरीयल नंबरवरनं. दोन्ही ड्राईव्ह सेम कंपनीचे, सेम साईझचे असतील तर सिरीयल नंबरचे शेवटचे चार आकडे चिकटपट्टीवर लिहून ड्राईव्हवर चिकटवा.

## टप्पा ३ : दोघंही एकाच मोडमधे आहेत का?

बूटचे दोन मोड असतात, नवा यूईएफआय आणि जुना लेगसी. विंडोज एका मोडमधे आणि लिनक्स दुसऱ्या, असं असेल तर एकाच मेनूतनं दोन्ही कधीच चालणार नाहीत, आणि दरवेळी बायोसमधे जाऊन बदल करत बसावं लागेल. विंडोजमधे एमएसइन्फो३२ उघडा, बायोस मोडपुढं यूईएफआय की लेगसी ते बघा. लिनक्समधे स्लॅश सिस स्लॅश फर्मवेअर या फोल्डरमधे ईएफआय नावाचं फोल्डर असेल तर यूईएफआय, नसेल तर लेगसी.

दोन्ही यूईएफआयमधे हवेत. विंडोज लेगसीत असेल तर एमबीआर२जीपीटी नावाचं विंडोजचंच टूल आहे, विंडोज १० च्या १७०३ आवृत्तीपासून सोबत येतं, डेटा न पुसता ड्राईव्हची मांडणी जुन्या एमबीआरमधनं यूईएफआयला लागणाऱ्या जीपीटीत बदलून देतं. आधी त्याला व्हॅलिडेट ऑप्शननं नुसतं तपासायला सांगा, पास झालं तरच कन्व्हर्ट. आणि बॅकअप घेतलाय ना?

नेहमीची चूक: बूट मेनूत एकच पेनड्राईव्ह दोनदा दिसतो, एकदा पुढं यूईएफआय लिहून आणि एकदा नुसता. घाईत नुसता निवडला की इन्स्टॉलर लेगसीत चालू होतो आणि सिस्टीम पण लेगसीत बसते. निम्मी प्रकरणं इथं बिघडलेली असतात.

## टप्पा ४ : एकेक ड्राईव्ह एकटा चालवून बघा

हा टप्पा लोकांना नको असतो कारण पत्रा उघडायला लागतो. पण खरं काय ते फक्त हाच सांगतो.

१. मशीन पूर्ण शटडाऊन, भिंतीवरचं बटण बंद, मग पॉवरचं बटण पाच-दहा सेकंद दाबून धरा म्हणजे राहिलेला करंट जातो. लॅपटॉप असेल तर आतली बॅटरी पण सोडवा.

२. लिनक्सच्या ड्राईव्हची केबल काढा. एनव्हीएमई असेल तर स्क्रू काढून उचला. काही बायोसमधे पोर्ट नुसतं बंद करता येतं, असेल तर तेच करा, छोट्या स्क्रूमागं पळायला नको.

३. फक्त विंडोजचा ड्राईव्ह ठेवून चालू करा. विंडोज आलं का? लिहून ठेवा.

४. परत सगळं बंद, आता विंडोजचा काढा, लिनक्सचा लावा. आलं का?

दोन्ही एकटे चालले तर तुमचा प्रॉब्लेम फक्त क्रमाचा आहे, टप्पा ५ वर काम संपलं. विंडोज एकटं चालेना तर टप्पा ६ चा पहिला भाग, लिनक्स चालेना तर दुसरा.

इथं एक गंमत आहे जी माहीत नसली की घाम फुटतो. ड्राईव्ह काढून चालू केलं की काही बोर्ड त्या ड्राईव्हची एन्ट्री स्वतःच्या मेमरीतनं पुसतात. परत जोडल्यावर विंडोजची एन्ट्री बहुतेक वेळा परत येते, लिनक्सची येईलच असं नाही. घाबरायचं नाही, बूट मेनूत ड्राईव्हचं नुसतं नाव दिसत असेल ते निवडा. उबुंटू आणि मिंट तिथं एक जादा फाईल ठेवून असतात, ती एन्ट्री परत तयार करते.

आणि लिनक्स एकटा चालवताना दीड मिनिट अडकून इमर्जन्सी मोडमधे गेला, तर किल्लीला दोष देऊ नका. विंडोजचं एखादं पार्टिशन तुम्ही एफएसटॅबमधे (सुरू होताना कुठली पार्टिशनं जोडायची ती यादी असलेली लिनक्सची फाईल) कायमचं जोडलेलं असतं, तो ड्राईव्ह नाही म्हणून लिनक्स ९० सेकंद वाट बघून हात टेकतं. त्या ओळीच्या ऑप्शनमधे कॉमा देऊन नोफेल लिहा, परत अडणार नाही.

## टप्पा ५ : बायोसमधला क्रम

बायोसमधे बूटची यादी एक नसते, बऱ्याचदा दोन असतात. वरच्या यादीत हार्डडिस्क, यूएसबी, नेटवर्क असे प्रकार, आणि खाली वेगळ्या पानावर हार्डडिस्कमधल्या एन्ट्र्यांचा आपसातला क्रम. लोकं वरची यादी वरखाली करत बसतात आणि म्हणतात सेव्ह होत नाही. उबुंटू आणि विंडोज बूट मॅनेजर यांच्यातलं पुढं-मागं खालच्या पानावर असतं.

लिनक्समधनं करायचं तर ई-एफ-आय-बूट-एम-जी-आर हे सगळं एका दमात टाईप करा, पुढं डॅश व्ही. प्रत्येक एन्ट्रीचा चार अंकी नंबर येतो आणि ती कुठल्या पार्टिशनकडं बोट दाखवते ते पण. तीच कमांड सुडोनं, म्हणजे आधी सुडो लिहून अॅडमिनच्या हक्कानं, पुढं डॅश ओ आणि हवे तसे नंबर कॉमा देऊन, की क्रम बदलला. दोन-तीनदा इन्स्टॉल केलेल्यांच्या यादीत उबुंटू तीनदा दिसतं, त्यातल्या मेलेल्या एन्ट्र्या काढायच्या मोहात आज पडू नका. सगळं नीट चालल्यावर बघू.

माझं मत विचाराल तर वेगळ्या ड्राईव्हवर दोन सिस्टीम असतील तर ग्रबच्या मेनूपेक्षा मशीनचा स्वतःचा बूट मेनू बरा. डेल, लेनोवो, एसर आणि गिगाबाईटच्या बोर्डावर सहसा एफ१२, एचपीवर एफ९, एमएसआयवर एफ११, असूसच्या डेस्कटॉप बोर्डावर एफ८ आणि लॅपटॉपवर एस्केप. एसरच्या बऱ्याच लॅपटॉपवर हा मेनू आधी बायोसमधे चालू करावा लागतो. यात एका सिस्टीमचं काही बिघडलं तरी दुसरीला कळत पण नाही. दुकानात दिवाणजींना एफ१२ दाबा म्हणून सांगणं जमत नसेल तर मात्र ग्रबचा मेनू ठेवा.

तपासा: क्रम बदलून सेव्ह केला, बंद करून भिंतीवरचं बटण बंद केलं, पाच मिनिटांनी चालू केलं, आणि क्रम परत जुना? घड्याळ पण मागं गेलंय? मग बोर्डावरचा सीआर२०३२ सेल संपलाय. कुठल्याही घड्याळाच्या दुकानात मिळतो. यासाठी विंडोज परत टाकलेला माणूस मला माहीत आहे, नाव सांगत नाही कारण तो मीच.

## टप्पा ६ : ज्याची किल्ली त्याच्या घरात

### विंडोजची किल्ली विंडोजच्या ड्राईव्हवर

या कामाआधी लिनक्सचा ड्राईव्ह काढून ठेवा. खरंच काढा. पुढच्या कमांडांमधे डिस्कचा नंबर चुकला तर परत फिरता येत नाही, आणि जो ड्राईव्ह मशीनमधे नाही तो चुकून पण उडत नाही.

१. विंडोजचा पेनड्राईव्ह यूईएफआय मोडमधे बूट करा. पहिली स्क्रीन आली की शिफ्ट आणि एफ१० दाबा, काळी खिडकी उघडते. काही लॅपटॉपवर एफएन पण सोबत दाबावं लागतं.

२. डिस्कपार्ट टाईप करून एंटर. मग लिस्ट डिस्क. तुमचा ड्राईव्ह साईझवरनं ओळखा, जीपीटीच्या रकान्यात त्याच्यापुढं चांदणी हवी. नसेल तर इथंच थांबा, टप्पा ३ राहिलाय. असेल तर सिलेक्ट डिस्क आणि तो नंबर.

३. लिस्ट व्हॉल्यूम. विंडोजला कुठलं अक्षर मिळालंय ते बघा. पेनड्राईव्हवरनं बूट केल्यावर सी हे सी असेलच असं नाही, डी किंवा ई पण होतं. इथं आंधळेपणानं सी लिहिणारे खूप.

४. ड्राईव्हवर ईएफआय पार्टिशन आहे का? लिस्ट पार्टिशन मारा, सिस्टीम प्रकारचं पार्टिशन दिसलं तर ते सिलेक्ट करून थेट पायरी ६. नसेल तर जागा करायला लागेल: विंडोजचं व्हॉल्यूम सिलेक्ट करा आणि श्रिंक, स्पेस, डिझायर्ड, बरोबरचं चिन्ह, ३००. बिटलॉकर असेल तर हे आधी की देऊन अनलॉक केल्याशिवाय होणार नाही.

५. क्रिएट पार्टिशन ईएफआय साईझ बरोबर ३००. मग फॉरमॅट, क्विक, एफएस बरोबर फॅट३२. फॉरमॅट मारायच्या आधी परत एकदा लिस्ट पार्टिशन मारून चांदणी ३०० एमबीवाल्यापुढंच आहे का ते बघा. मी दरवेळी बघतो, वीस वेळा केलं असलं तरी.

६. असाईन लेटर बरोबर एस. मग एक्झिट.

७. आता मुख्य कमांड. बीसीडीबूट, स्पेस, विंडोजचं अक्षर, कोलन, बॅकस्लॅश, विंडोज, स्पेस, स्लॅश एस, स्पेस, एस कोलन, स्पेस, स्लॅश एफ, स्पेस, यूईएफआय. फाईली तयार झाल्या असा मेसेज आला पाहिजे.

पेनड्राईव्ह काढा, रीस्टार्ट करा. नवी एन्ट्री लगेच दिसली नाही तर बूट मेनूत ड्राईव्हचं नाव निवडा. विंडोज आलं? आता लिनक्सचा ड्राईव्ह परत लावा.

सावधान: लिनक्सच्या ड्राईव्हवरच्या ईएफआय पार्टिशनमधे विंडोजची जुनी फाईल अजून पडलेली असते. नको म्हणून ते अख्खं पार्टिशन उडवू नका, लिनक्सची किल्ली पण त्याच खुंटीला आहे. पंधरा दिवस सगळं नीट चाललं की आतलं फक्त मायक्रोसॉफ्ट नावाचं फोल्डर काढा, नाही काढलं तरी काही बिघडत नाही.

### लिनक्सची किल्ली लिनक्सच्या ड्राईव्हवर

१. लिनक्सच्या लाईव्ह पेनड्राईव्हवरनं जीपार्टेड उघडा. वर उजव्या कोपऱ्यात ड्राईव्ह निवडायचा असतो, तिथं चुकू नका.

२. लिनक्सचं पार्टिशन शेवटाकडनं ५०० एमबी कमी करा. सुरुवातीकडनं नाही, तसं केलं तर तो सगळा डेटा उचलून पुढं सरकवत बसतो, तासभर जातो आणि जोखीम वेगळीच.

३. मोकळ्या जागेत फॅट३२ पार्टिशन करा, अप्लाय मारा, मग त्याला ईएसपी हा फ्लॅग द्या.

४. लिनक्स जुन्याच किल्लीनं चालू करा. टर्मिनलमधे सुडो बीएलकेआयडी, नव्या पार्टिशनचा यूयूआयडी, म्हणजे ओळख नंबर, लिहून घ्या. फॅट३२ चा छोटा असतो, चार अक्षरं, डॅश, चार अक्षरं. लांबलचक असेल तर तुम्ही दुसऱ्याच ओळीतला घेतलाय, किंवा त्याच ओळीतला पार्ट-यूयूआयडी.

५. स्लॅश ईटीसी स्लॅश एफएसटॅब उघडून स्लॅश बूट स्लॅश ईएफआयच्या ओळीत जुन्या यूयूआयडीच्या जागी नवा. मग सुडो सिस्टीमसीटीएल डेमन-रीलोड.

६. स्लॅश बूट स्लॅश ईएफआय अनमाउंट करून परत माउंट करा आणि फाइंडएमएनटीनं खात्री करा की आता नवंच पार्टिशन लागलंय. मग सुडो ग्रब-इन्स्टॉल आणि त्यानंतर सुडो अपडेट-ग्रब. उबुंटू, मिंटला एवढं पुरतं, फेडोराची पद्धत वेगळी आहे, तिथं हे तसंच मारू नका.

लिनक्स अजिबात चालूच होत नसेल तर लाईव्ह पेनड्राईव्हवर बूट-रिपेअर नावाचं टूल टाकून वापरा, पण त्याच्या अॅडव्हान्स्ड ऑप्शनमधे जाऊन ग्रब कुठल्या ईएफआय पार्टिशनमधे बसणार ते स्वतः निवडा. डोळे झाकून रिकमेंडेड बटण दाबलं की ते परत विंडोजच्या ड्राईव्हवर नेऊन ठेवू शकतं, म्हणजे पहिल्यापासून सुरुवात.

## टप्पा ७ : सिक्युअर बूट

१३ ऑगस्ट २०२४ च्या विंडोज अपडेटनं बऱ्याच जणांचं लिनक्स अडवलं. जुनी शिम फाईल (सिक्युअर बूट चालू असताना लिनक्सला आत घेणारी पहिली फाईल) असुरक्षित म्हणून यादीत गेली आणि एसबीएटीचा मेसेज येऊन मशीन बंद व्हायला लागलं. विश्रामबागेतल्या एका होस्टेलवरनं रात्री साडेअकराला फोन, "काका, मी कशाला हात पण लावला नाही ओ." पोरगं खरंच बोलत होतं.

उपाय: बायोसमधे सिक्युअर बूट बंद करा, लिनक्स चालू करा, सुडो मोकयूटिल, स्पेस, डॅश डॅश सेट-एसबीएटी-पॉलिसी, स्पेस, डिलीट. रीस्टार्ट करून परत लिनक्समधेच या, सगळे अपडेट घ्या म्हणजे शिम नवी होते, मग सिक्युअर बूट चालू करा. बिटलॉकरची की जवळ हवी हे परत सांगतो. जुना लाईव्ह पेनड्राईव्ह पण याच कारणानं अडू शकतो, नवीन डाऊनलोड करून बनवा.

## टप्पा ८ : फुटकळ पण डोकं खाणारे

ग्रबच्या मेनूत विंडोज नाही: २०२१ मधे आलेल्या ग्रब २.०६ पासून दुसरी सिस्टीम शोधणं मुळातच बंद ठेवलंय. स्लॅश ईटीसी स्लॅश डिफॉल्ट स्लॅश ग्रब या फाईलमधे ग्रब डिसेबल ओएस प्रोबर, सगळं कॅपिटलमधे, मधे अंडरस्कोर, पुढं बरोबर फॉल्स, ते मात्र छोट्या अक्षरात. मग सुडो अपडेट-ग्रब. त्यावेळी दोन्ही ड्राईव्ह जोडलेले हवेत, हे सांगायला लागतंय यावरनं काय ते समजा.

विंडोजमधलं घड्याळ साडेपाच तास मागं: लिनक्स बोर्डावरच्या घड्याळात यूटीसी ठेवतं, विंडोज तीच स्थानिक वेळ समजतं. लिनक्समधे टाईमडेटसीटीएल, स्पेस, सेट-लोकल-आरटीसी, स्पेस, १. परदेशातले लोक याला नावं ठेवतात कारण त्यांच्याकडं उन्हाळ्यात घड्याळ पुढं-मागं होतं, आपल्याकडं ती भानगड नाही.

लिनक्सच्या इन्स्टॉलरला एनव्हीएमई दिसतच नाही: इंटेलच्या लॅपटॉपवर आरएसटी किंवा व्हीएमडी, म्हणजे ड्राईव्ह हाताळायची इंटेलची वेगळी पद्धत, चालू असतं. बायोसमधे ते बंद करून नेहमीची एएचसीआय पद्धत करा, पण थेट केलं तर विंडोज निळी स्क्रीन दाखवून बसेल. आधी विंडोजमधे एमएसकॉन्फिग उघडून सेफ बूटची टिक, मग रीस्टार्ट करून बायोसमधे बदल, विंडोज एकदा सेफ मोडमधे आलं की टिक काढा. सेफ मोडमधे पिन चालेलच असं नाही, अकाऊंटचा पासवर्ड पाठ हवा.

## नव्यानं टाकणाऱ्यांनी हा क्रम ठेवा

१४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा सपोर्ट संपल्यापासून जुन्या मशीनमधे दुसरी एसएसडी टाकून लिनक्स बघणारे वाढलेत, त्यांच्यासाठी. टप्पा ० सगळा करा. विंडोजचा ड्राईव्ह काढा. नवा एकटा ठेवून लिनक्स यूईएफआयमधे टाका, पेनड्राईव्ह काढून दोनदा बूट करा. मग विंडोजचा जोडा, बायोसमधे क्रम लावा. बस्स. वरचे निम्मे टप्पे तुम्हाला कधी लागणारच नाहीत.

शेवटची तपासणी मशीन बंद करून, भिंतीवरचं बटण बंद करून करायची, नुसतं रीस्टार्ट नाही. दोन्ही सिस्टीम प्रत्येकी दोनदा चालू करा, मग एकेक ड्राईव्ह काढून प्रत्येक एकदा एकटी चालवा. हे सगळं झाल्यावरच बाजूचा पत्रा लावून स्क्रू आवळा. आधी आवळला तर कुठलीतरी केबल सैल राहिलेली असतेच.